पाव मिलीमीटर

शनिवारची सकाळ. एरवी मी कपडे मशीनमध्ये टाकून कॉफी पीत बसलेला असतो. काल मात्र शेजारच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये पितळ कातत बसलो होतो! इथे टेक्सासमध्ये बऱ्याच जणांना हा नाद असतो. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या आणि घरीच पुन्हा भरायच्या. (आपल्याकडे करू नका बरं का. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.)

माझं काम फक्त कातायचं. गोळी सुटताना पितळ फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला चिकटतं. मग साच्यात दाबून ते मूळ मापावर आणताना पितळ पुढे सरकतं आणि पुंगळीची मान लांबते. .३०८ ची पुंगळी ५१.१८ मिलीमीटरच्या वर जाता कामा नये. गेली तर तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या टोकात अडकतं, गोळीला आवळून धरतं आणि दाब भलताच चढतो. तोही आपल्या गालाला लागून. म्हणून हाताने फिरवायच्या छोट्या लेथवर ५०.९३ पर्यंत कातायचं, मग तोंडाची बर आतून-बाहेरून काढायची. सगळा पाव मिलीमीटरचा खेळ.

पंचवीसेक झाल्यावर मी शहाणपणा केला. लेथला स्टॉप आहे ना, मग प्रत्येक पुंगळी व्हर्नियरने मोजायची कशाला? ऑफिसात आठवडाभर हेच तर करतो, एक टेस्ट पास झाली की बाकीच्या झाल्याच :) म्हाताऱ्याने काही न बोलता पन्नासच्या पन्नास पुंगळ्या टेबलावर ओतल्या आणि व्हर्नियर माझ्या हातात दिला. दोन लांब निघाल्या. स्टॉपचा स्क्रू ढिला झाला होता. आणि पुढच्या रविवारी त्या रायफलला गाल लावून मीच बसणार होतो...

एकदम भाऊ आठवले. भाऊ म्हणजे माझे वडील. चांदवडला आमचं सोनारकामाचं छोटंसं दुकान. सुट्टीत मला कानस घेऊन बसवायचे आणि एकच डाग तीन-तीनदा तोलायला लावायचे. मी कंटाळलो की टांकसाळीची गोष्ट सुरू. होळकरांच्या वेळी आपल्या गावात रुपये पाडत असत, वगैरे. मला ती थाप वाटायची, पण १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये सगळं आहे. ४०० कारागीर, प्रत्येकाकडे आपापला तराजू आणि वजनं, ती दर आठवड्याला तपासली जात. चांदीचे तुकडे करायचे, गोल करायचे, तोलायचे. आकार थोडा इकडेतिकडे चाले, वजन चुकलेलं चालत नसे. मग तिघे मिळून तासाला २००० नाणी ठोकत. ठसा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं क्वचितच उमटत. भाऊंना हे फार आवडतं. "अक्षरं अर्धी चालतात रे, वजन पुरं पाहिजे."

आता भाऊंचे हात थरथरतात. दिवाळीनंतर दुकान बंद करायचं ठरलंय. फोनवर त्या विषयावर कोणी बोलत नाही. मीही नाही.

रात्री (त्यांची सकाळ) फोन लावला आणि गॅरेजची हकीकत सांगितली. बंदूक हा शब्द ऐकून आई मागून ओरडली. भाऊंनी मात्र विचारलं, कातताना पितळ तापतं का, हत्याराला धार कोण लावतं? मी म्हटलं, येताना एक पुंगळी आणतो दाखवायला. मग लक्षात आलं, विमानतळावर बॅगेत रिकामी पुंगळी सापडली तरी भानगड. फोटोच पाठवला.

बराच वेळ बघत असावेत.

"खालचा तो कीस कुठे जातो?"

"केराच्या डब्यात."

पलीकडे शांतता. आमच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी पैसे देऊन न्यायचा.

"माणूस चांगला दिसतो," भाऊ म्हणाले, "पण कीस टाकतो." आणि मग, जरा थांबून, "तराजू चालतो का रे विमानात? लहानवाला."