लाल डब्याशी एकनिष्ठ

आमचे साडू गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी हिंगोलीला आले, ते बोटीवरून उतरल्यासारखे आले. म्हणजे आले रेल्वेनंच, पण अंगात फुलाफुलांचा सदरा, डोक्याला कापडी टोपी आणि चाल अशी की आमचं अंगणच हेलकावे खात असावं. चहा यायच्या आत त्यांनी खिशातून एक सोनेरी कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"ओळखा!"

मी चष्मा लावून ते उलटंसुलटं पाहिलं. रेशनकार्डाची एखादी नवी जात निघाली असेल अशी माझी समजूत झाली. पण त्यावर जहाजाचं चित्र होतं, आणि जहाजातून धान्य आपल्याकडं बरेच दिवसांत आलेलं नाही.

मग साडूंनी सविस्तर खुलासा केला. हल्ली लोक बोटीनं जातात, पण कुठं पोचण्यासाठी जात नाहीत. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणची माणसं आगबोटीनं जायची ती घरी पोचायला. आताची बोट म्हणजे तरंगतं हॉटेल. मजल्यावर मजले, पोहायला तलाव (म्हणजे समुद्रात असून पुन्हा तलाव!), रात्री नाचगाणी आणि दिवसभर जेवण. मुंबईहून निघायचं, गोवा नाहीतर लक्षद्वीप पाहायचं आणि पुन्हा मुंबईलाच उतरायचं. अशा बोटी चालवणाऱ्या जगात पुष्कळ कंपन्या आहेत. तुम्ही एकाच कंपनीच्या बोटीत जितक्या रात्री काढाल तितके गुण तुमच्या नावावर चढतात आणि कार्डाचा रंग पालटतो. साडू पाच वेळा एकाच कंपनीनं गेले होते. आता त्यांना बोटीत चढताना रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

"पण पंचाईत अशी आहे," साडू खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "की आमचे शेजारी दरवेळी नव्या कंपनीनं जातात. म्हणतात, तेच जेवण आणि तोच नाच किती वेळा बघायचा? यंदा दुसरी एक कंपनी स्वस्तात नेतेय. बदलावं तर एवढे गुण पाण्यात. न बदलावं तर दुसरीकडं काय आहे ते कळायचं नाही. तुम्ही शिक्षक होतात, तुम्ही सांगा. धरून राहावं की बदलून पाहावं?"

बोटीच्या बाबतीत हिंगोलीच्या माणसाचा सल्ला! आमच्या गावाला नदी आहे ती कयाधू. उन्हाळ्यात तिच्यात बोट चालणं सोडा, हाताचं बोट बुडायची मारामार. सिद्धेश्वरच्या धरणात पाणी असतं, पण तिथं जायलाही मी एसटीच पकडतो. तरी मी मागं हटलो नाही. बोटीतलं मला काही कळत नसलं तरी एकनिष्ठेतलं कळतं. या विषयातला मी जिल्ह्यातला जुना जाणकार आहे.

माझा न्हावी डोक्यावर केस होते तेव्हापासूनचा आहे. शिंपीही तोच आहे. त्यानं टेप लावणं केव्हाच सोडलं, नुसता पोटाकडं बघतो आणि सुस्कारा टाकतो. घराचं म्हणाल, तर जन्मलो त्याच घरात राहतो. १९४६ साली जन्मलो तेव्हा ते घर निजामाच्या राज्यात होतं. १९४८ साली ते भारतात आलं, १९५६ साली मुंबई राज्यात गेलं आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. एवढं होऊन १९९९ साली ते परभणी जिल्ह्यातून उठून हिंगोली जिल्ह्यात येऊन बसलं. मी मात्र ओसरीवरून हललो नाही. बदल काय तो सरकारनं केला.

आणि प्रवास म्हणाल तर एसटी. लाल डबा. दुसरी बात नाही.

साडू पुण्यामुंबईचे. त्यांना वाटतं एसटी म्हणजे १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली तिथून सुरू. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडं निजामाच्या रेल्वेनं १९३२ सालीच सत्तावीस बसगाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. १९६१ साली मराठवाड्याच्या गाड्या महामंडळात मिसळल्या, तेव्हा आम्ही काही रिकाम्या हातानं गेलो नाही, स्वतःच्या गाड्या घेऊन गेलो!

शिक्षक म्हणून माझी सगळी नोकरी एसटीवर झाली. सेनगाव, कळमनुरी, औंढा, जिथं बदली झाली तिथं लाल डबा पुढं आणि मी मागं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या मला अवगत आहे. गर्दी असेल तर रुमालाऐवजी टोपी, आणि फारच गर्दी असेल तर शेजाऱ्याचं पोरगं. वाहकाच्या चिमट्याच्या टिकटिकीवरून आत किती माणसं राहिली ते मी सांगत असे. १९८२ च्या दिल्लीच्या खेळांनंतर हिरव्या-पांढऱ्या एशियाड गाड्या आल्या, तेव्हा लोकांनी त्यांचं कोण कौतुक केलं! मी आपला लाल डब्यातच. सगळे वाहक ओळखीचे. मी चढलो की "या गुरुजी, पुढं या" म्हणून हाक यायची. मग घरच्या मंडळींना मागं कुठंतरी जागा करून द्यायची आणि आपण पुढं चालकाशेजारी उभं राहून पाऊसपाण्याच्या, बदल्यांच्या, गावोगावच्या सरपंचांच्या गप्पा मारत जायचं. त्याला प्रवास म्हणतात.

लग्नसुद्धा मी एसटीनंच केलं. सासुरवाडी अकोल्याची. १९७३ साली प्रासंगिक करारावर गाडी घेऊन वऱ्हाड गेलं आणि त्याच गाडीनं नवरी घेऊन परतलं. पातूरच्या घाटात नवरीनं खिडकीबाहेर तोंड काढलं ते बराच वेळ आत घेतलंच नाही. माझी आत्या गहिवरून म्हणाली, "माहेर सुटलं की असंच होतं बाई!" मलाही भरून आलं होतं.

आयुष्यात एकदाच मी बेइमानी केली. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप होता आणि पुण्याला जाणं भाग होतं. एका ट्रॅव्हल्सच्या गाडीत झोपायची जागा घेतली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात गादी ठेवावी तसं मला वर ठेवण्यात आलं. थंड हवेचं भोक बरोबर टाळूवर होतं. ते बंद करता येईना म्हणून त्यात मी मोजा कोंबला, तर पहाटे मोजा कुणा भलत्याच्याच अंगावर सापडला. आणि उतरवलं कुठं, तर पुण्याच्या अलीकडं, काळोखात, एका पेट्रोलपंपापाशी. परत आल्यावर कितीतरी दिवस मी हिंगोलीच्या स्टँडसमोरून मान खाली घालून जात होतो.

"तेव्हा साडू," मी समारोपाला आलो, "माणसानं धरून राहावं. फळ मिळतं. तुम्हाला पाच फेऱ्यांत हे सोनेरी कार्ड मिळालं. हे बघा माझं!" आणि मी खिशातून आधार कार्ड काढलं. "२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याला महाराष्ट्रभर एसटी फुकट. तुमच्या कंपनीनं नुसती रांग माफ केली. आमच्या महामंडळानं तिकीटच माफ केलं!"

साडू निरुत्तर झाले. मी चहाचा कप उचलला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"अन् मले कोणी पुसलं?"

आमच्या हिला पन्नास वर्षं हिंगोलीत काढून इकडची भाषा पक्की येते. पण संताप झाला की ती अकोल्याला जाते, निदान भाषेनं तरी.

"तुला काय पुसायचं?" मी म्हणालो. "तुलाही १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच की."

"तिकिटाचं नाही बोलून राहिली मी. हिंगोलीहून अकोल्याले लहान गाडी जाय. घरून स्टेशन जवळ, तिकडं उतरलं की माहेर जवळ. त्या गाडीत मले कधी काही झालं नाही. तुमच्या यष्टीत मात्र बसली का पोटात ढवळे. आदल्या रात्रीपासून मी जेवत नव्हती. लिंबू नाकाशी धरून बसे. तुम्ही पुढं डायवरपाशी."

मला आठवलं. अकोल्याला निघायच्या आदल्या रात्री ही ताटावरून उठायची. माहेरच्या ओढीनं बाईला अन्न गोड लागत नाही, असं मी चार जणांत कौतुकानं सांगत असे.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलली होती. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. तुम्ही म्हणाले, रेल्वेचा काय भरवसा. मग रूळ रुंद कराले घेतले तेव्हा म्हटलं, आता ही गाडी बंद होईन, एक डाव बसू. तुम्ही म्हणाले, रुंद झाली का बसू."

मी गप्प.

"आई होती तोवर दिवाळीले बी बलावे अन् उन्हाळ्यात बी. दोन वेळा तो रस्ता नाही झेपे मले. मी दिवाळीचं टाळत गेली."

हेही मला आठवलं. "आमच्या हिला माहेरपेक्षा हिंगोलीची दिवाळी प्यारी," हे वाक्य मी अकोल्यात, खुद्द सासूबाईंच्या समोर, किती वर्षं म्हणत आलो होतो. सासूबाई हसायच्या. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

साडूंनी आपलं सोनेरी कार्ड हळूच खिशात घातलं. मीही आधार कार्ड आत ठेवलं. एकनिष्ठा माझी होती, पण तिचं भाडं दुसरंच कुणी भरत होतं. पन्नास वर्षांत त्याची पावती मी एकदाही मागितली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "चल, अकोल्याला जाऊ. रेल्वेनं."

"काऊन? कोणाचं काय आहे?"

"कुणाचंच काही नाही."

आमच्या स्टेशनचं नाव अजून 'हिंगोली डेक्कन' आहे. मी ती पाटी इतक्या निवांतपणे पहिल्यांदाच वाचली. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० साली बंद झाली, त्यामुळं दोन पूर्ण तिकिटं काढली. खिडकीवरचा माणूस ओळखीचा नव्हता. 'या गुरुजी' कोणी म्हणालं नाही. फलाटावर मी रुमाल हातात घेऊन उभा राहिलो, पण खिडकीला गज होते. ही मात्र सरळ चढली आणि खिडकीशी जाऊन बसली, जणू कालच उतरली होती.

गाडी सुटली आणि ही बोलायला लागली. कन्हेरगाव नाका, वाशिम, जउळका, बार्शीटाकळी... स्टेशन येण्याआधी नाव हिच्या तोंडून यायचं. रस्त्यावरचा प्रत्येक फाटा मला पाठ, पण रुळावरचं पुढचं गाव कोणतं ते मला सांगता येईना. जयपूरकडं जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गानं जायची, तिच्या डब्यातल्या राजस्थानी बायकांची कोपरापर्यंत चढलेली कंकणं लहानपणी मोजत बसायचो, असंही तिनं सांगितलं. हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. पुढं चालकाशेजारी उभं राहिल्यावर मागचं कसं ऐकू येणार?

वाशिम गेलं आणि तिनं डबा उघडला. पोळ्या, बेसन, वर लोणच्याची फोड. मला एक पोळी दिली आणि स्वतः दोन खाल्ल्या. चालत्या गाडीत ही जेवते, हे मी जन्मात प्रथमच पाहत होतो. माझ्याच्यानं घास गिळवेना. तिनं विचारलं, "काय झालं? गाडी लागली का तुमाले?"

"नाही," मी म्हणालो. "लोणचं तिखट आहे."

थोड्या वेळानं ती बाहेर बघत म्हणाली, "ही ती गाडी नाही पण. ती हळू जाय. शेतातली माणसं ओळखू येत."

मला यावर काही बोलता आलं नाही. रूळ पूर्वी एक मीटरचे होते, २००८ साली ते रुंद होऊन १.६७६ मीटरचे झाले. फरक जेमतेम सव्वादोन फुटांचा. पण तेवढ्यात तिची गाडी गेली होती आणि ती आता कितीही पूर्ण तिकिटं काढली तरी येणार नव्हती.

परतताना अकोल्यात आमचं भांडण झालं. ही म्हणाली, "यष्टीनं जाऊ. तुमचं फुकट, माझं अर्धं, काऊन पैसे घालवता?" मी म्हणालो, "रेल्वेनंच जायचं." ती एसटीची बाजू मांडत होती आणि मी रेल्वेची. भाचा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी रेल्वेनंच आलो. बार्शीटाकळीच्या आधी मी मोठ्यानं "बार्शीटाकळी!" म्हणालो आणि ते बरोबर निघालं. ही हसली.

घरी आल्यावर साडूंना फोन लावला. म्हटलं, "तुमच्या बोटीचं काय ठरलं? माझा सल्ला मागं घेतो. कंपनी धरा नाहीतर सोडा, पण आधी घरात विचारा."

पलीकडं बराच वेळ शांतता होती.

"विचारलं," साडू म्हणाले. "तुमच्याकडून आल्या आल्याच विचारलं. ती म्हणते, पाच वेळा गेलो, पाचही वेळा मला बोट लागली. मी वर नाच बघत होतो, ती खाली खोलीत लिंबू हुंगत होती."

"मग आता?"

"आता काय! ती म्हणते, हिंगोलीला ताईकडं जाऊ चार दिवस. तुमच्याकडं रेल्वे येते ना?"

म्हटलं, "येते. खिडकीची जागा तिला द्या. आणि डबा जास्तीचा घ्या."