न धावलेल्या गाडीची वाट

या मार्गावरून एकदाही आगगाडी गेलेली नाही. तीस बोगदे खोदून झाले, दऱ्यांवर चार उंच पूल उभे राहिले, डोंगराची कूस कापून सपाटी झाली, स्थानकांच्या इमारतीसुद्धा बांधून तयार झाल्या. गाडी तेवढी आली नाही. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसियात, हेरेसपासून अल्मार्खेनपर्यंतच्या लोहमार्गाचा हा भाग १९२०च्या दशकात हुकूमशहा प्रिमो दे रिवेरा यांच्या राजवटीत मोठ्या उमेदीने हाती घेतला गेला. मग जगभर मंदी आली, १९३६मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि देशच भावाभावांत फाटला. काम रखडलं, रेंगाळलं आणि शेवटी कुणी तरी कुठल्याशा कचेरीत फाइल मिटली.

पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा असा हा ३६ किलोमीटरांचा तुकडा. आज तो 'विया वेर्दे दे ला सिएरा', म्हणजे डोंगरातली हिरवी वाट, म्हणून ओळखला जातो. स्पेनमध्ये १९९३पासून अशा बंद पडलेल्या किंवा कधी सुरूच न झालेल्या लोहमार्गांवर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वाटा करायला सुरुवात झाली. देशभरात त्या आता तीन हजार किलोमीटरांच्या पुढे गेल्या आहेत. मोटारींना तिथे मज्जाव आहे. जगात फसलेल्या सरकारी योजनांचा तोटा नाही. पण फसल्यावर इतकी सुंदर दिसणारी दुसरी योजना माझ्या पाहण्यात नाही.

या वाटेचा पहिला अनुभव पायांना येतो. चारी बाजूंना डोंगर उभे, तरीही आपल्याला कुठे धाप लागत नाही. कारण साधं आहे. शंभर मीटरांत दोन-अडीच मीटर चढ आला तरी वाफेचं इंजिन कुरकुरू लागतं, म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी चढ टाळला, वळसे घेतले, जिथे वळसा जमला नाही तिथे डोंगर पोखरला आणि दरी आली तिथे पूल टाकला. वाफेच्या इंजिनाचा अशक्तपणा सायकलस्वाराच्या असा पथ्यावर पडतो. पुएर्तो सेरानोहून ओल्वेराकडे जाताना वाट जवळजवळ सगळी चढतीच आहे, पण ते मांड्यांना उशिरा कळतं, डोळ्यांना तर कळतच नाही. बहुतेक लोक शहाणपणाने उलट्या दिशेने, उताराने येतात. मला चढच हवा होता. उतारावर माणूस बघतो कमी आणि सुटतो जास्त.

दुसरा अनुभव कानांचा. पुण्यासारख्या शहरात सायकल चालवणाऱ्याचे कान पाठीला लागलेले असतात. मागून येतंय ते बस आहे की टेम्पो, तो हॉर्न आपल्यासाठी आहे की रिक्षासाठी, हे मान न वळवता ओळखावं लागतं. इथेही पहिला तासभर ती सवय सुटत नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी अंग नकळत कडेला सरकतं. मग केव्हा तरी कान पुढे येतात आणि चाकाखाली चिरडणारी खडी ऐकू येऊ लागते, खाली ग्वादालेते नदीचं पाणी दगडांना वळसा घालताना ऐकू येतं. झुडपात लपलेला नाइटिंगेल भर दुपारी गात असतो. त्याला रात्रीचा गायक का ठरवलं कोण जाणे. मे महिन्यात तो वेळकाळ बघत नाही.

नदीकाठी कण्हेर फुलू लागली होती. आपल्याकडे कण्हेर देवाच्या परडीत असते किंवा महामार्गाच्या दुभाजकावर धूर खात उभी असते. इथे ती रानची, कुणी न लावलेली. नदीच्या वाळवंटात, पुराने आणून टाकलेल्या गोट्यांमधून ती गुलाबी होऊन वर येते. मातीच्या उभ्या कापात बिळं करून राहणारे वेडे राघू त्यावरून भिरभिरत होते. हे आपल्या हिरव्या वेड्या राघूचे युरोपीय भाऊबंद. पाठ तपकिरी, गळा पिवळाधमक, पोट निळं, आणि बोलणं मात्र तसंच किणकिणतं. आफ्रिकेतला हिवाळा आटोपून सहारा ओलांडून ते इथे विणीसाठी येतात. कापाच्या कडेने जाताना मी सायकलची घंटीही वाजवली नाही.

आणि मग बोगदे. काही लहान आहेत. आत शिरतानाच पलीकडचं झाड दिसतं. काही मात्र वळणाचे, त्यांत आत गेल्यावर दोन्ही तोंडं दिसेनाशी होतात. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि आत दहा-वीस पावलांवर घामाचा सदरा पाठीला गार चिकटतो. मी दिवा लावून सायकल हातात धरून चाललो. भिंतीवर हात ठेवला तर ओलसर खडबडीत दगडावर छिन्नीच्या खुणा बोटांना लागत होत्या, एकीखाली एक, तिरप्या, बोटभर अंतराने. त्या मारणाऱ्या माणसाला आपण गाडीसाठी वाट करतोय असंच वाटत असणार. त्याच्या मजुरीचे पैसे वेळेवर मिळाले असतील का? छतातून थेंब पडत होता, एकाच जागी, आणि तिथल्या दगडात वाटीएवढा खळगा झाला होता. त्या खळग्यात मी बोट बुडवलं. कुठल्या तरी पावसाळ्यात डोंगरावर पडलेलं आणि दगडातून झिरपत इथवर आलेलं ते पाणी होतं. देवळात तीर्थ घ्यावं तसं मी ते कपाळाला लावलं. बघायला कुणी नव्हतं म्हणून लावलं, हेही खरं.

कोरिपे गावाच्या अलीकडे एक वृद्ध जोडपं वाटेच्या कडेला वाकून काही वेचत होतं. वाळलेल्या बडीशेपेसारख्या झाडाच्या दांड्यांना पांढऱ्या गोगलगाई चिकटलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत, एकमेकींना खेटून. जमीन तापली की त्या अशा वर चढतात आणि शंखाचं तोंड बंद करून उन्हाळा काढतात. आजोबा त्या जाळीच्या पिशवीत टाकत होते; मे-जूनमध्ये आंदालुसियात घरोघरी गोगलगाईंचं कालवण होतं. माझी मोडकीतोडकी स्पॅनिश ऐकून त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" भारत म्हटल्यावर जरा विचार करून म्हणाले, "तिकडे गिधाडं आहेत का हो?"

"होती," मी म्हणालो. "आता फार थोडी उरलीत."

"मग आमच्याकडची न्या थोडी. आमच्याकडे उतू चाललीत!" आजीबाई त्यांच्यावर डाफरल्या. ते बहुधा 'परक्या माणसाची थट्टा काय करता' असं असावं.

कोरिपेजवळ 'चापारो दे ला वेगा' नावाचा ओकचा जुना वृक्ष आहे. त्याच्या विस्तीर्ण सावलीत टेकून मी पाव खाल्ला आणि पुढे निघालो. कारण आजोबा म्हणाले ती गिधाडं पुढच्या वळणावर होती.

साफ्रामागोनचा कडा वाटेवरून दिसतो तेव्हा आधी नुसता चुनखडीचा पांढरा-करडा सुळका वाटतो. ग्वादालपोर्कून नदीने त्याच्या पायथ्याशी अरुंद घळ कापली आहे. हळूहळू दगडावर पांढऱ्या विष्ठेचे लांब ओघळ दिसतात, आणि मग ओघळांच्या वरच्या टोकाला बसलेले ते. युरोपीय गिधाडांची ही आंदालुसियातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. कधीच गाडी न थांबलेल्या साफ्रामागोन स्थानकाच्या इमारतीत आता पक्ष्यांचं माहिती केंद्र आहे, आणि कड्यावर लावलेला कॅमेरा घरट्याचं चित्र तिथल्या पडद्यावर दाखवतो. तिकीट काढायला केलेल्या इमारतीत उभं राहून मी एका गिधाडाचं पिल्लू पाहिलं. अंगावर पिसं फुटत होती, मान अजून बोडकी, आणि ते चोचीने एक काडी उचलून पुन्हा त्याच जागी ठेवत होतं. एकदा, दोनदा, पुन्हा. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. नर आणि मादी पाळीपाळीने सात-आठ आठवडे ते उबवतात आणि पिल्लू जवळपास चार महिने घरट्यात राहतं. घाई नावाची गोष्ट या पक्ष्याच्या आयुष्यात नाही.

बाहेर येऊन मी पुलाच्या कठड्याला टेकलो. कडा तापेपर्यंत हे पक्षी बसून राहतात. सात-आठ किलोंचं शरीर पंख मारून वर नेणं परवडत नाही, म्हणून ते तापलेल्या हवेचा झोत उठायची वाट बघतात. मग एक जण कड्यावरून नुसता कलतो, पंख उघडतो, आणि अडीच मीटरांहून रुंद पसरलेला तो देह पंखांची एकही फडफड न करता गोल गोल वर चढतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. एक माझ्या पातळीला, पुलाच्या समोरून गेला. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी विलग झालेली, त्यांतून हवा कापल्याचा सर्रर्र आवाज, मानेभोवती पांढऱ्या पिसांची झालर, आणि पिवळसर डोळा, जो मला बघून पुढे गेला. मी हात जोडले. गिधाडाला हात जोडणारा माणूस आपल्याकडे वेडा ठरेल. पण आपल्याच रामायणात एका गिधाडाचे अंत्यसंस्कार स्वतः रामाने केले आणि नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदला त्याच्या नावाने तीर्थ आहे.

आजोबांना मी पूर्ण उत्तर दिलं नव्हतं. भारतात गिधाडं उपासमारीने गेली नाहीत, शिकारीनेही नाहीत. गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. मेलेलं जनावर खाल्लं की काही दिवसांत पक्षी मान टाकायचा. १९९०च्या दशकापासून दहा-पंधरा वर्षांत आपल्या तीन जातींची गिधाडं शंभरातली पंचाण्णवहून अधिक संपली. २००६मध्ये भारताने हे औषध जनावरांसाठी बंद केलं. एवढं सगळं जगजाहीर झाल्यावर, २०१३मध्ये, स्पेनने त्याच औषधाला जनावरांसाठी परवानगी दिली. युरोपातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं ज्या देशात आहेत, त्या देशाने. याला काय म्हणावं मला कळत नाही. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या रानात गिधाडं जगावीत म्हणून मेलेली जनावरं रानात नेऊन ठेवणारी माणसं आहेत. त्यांना हे सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

पुलाच्या कठड्यापाशी मी किती वेळ होतो कोण जाणे. सावल्या लांबल्या तेव्हा निघालो. पुढे ऑलिव्हच्या बागा लागल्या, टेकड्यांच्या टोकापर्यंत आखून लावलेली झाडं, खालची माती नांगरून मोकळी केलेली. मधून मधून गव्हाच्या तुकड्यांत पॉपीची लाल फुलं. बोगद्यांमागून बोगदे गेले आणि एका वळणावर ओल्वेरा दिसलं: डोंगरावर मूरांचा किल्ला, त्याला लागून चर्चचे दोन मनोरे, आणि खाली उतारावर चुन्याने सारवलेली घरं.

ओल्वेराच्या स्थानकाशी हिरवी वाट संपते. तिथून गाव वर आहे आणि गावात जाणारा रस्ता कुठल्याच इंजिनाचा विचार करून आखलेला नाही. तो खेचरांचा आणि पाणी वाहणाऱ्या बायांचा रस्ता आहे. मी उतरून सायकल ढकलत निघालो. घरांच्या उंबऱ्यांवर खुर्च्या टाकून बसलेल्या बाया "आनिमो!" म्हणत होत्या, म्हणजे हिंमत धर. धाप लागली ती आत्ता, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात. वर पोचलो तर चर्चच्या पायऱ्यांवर पोरांचा फुटबॉल रंगला होता आणि मनोऱ्यांभोवती पाकोळ्यांचे थवे किंचाळत घिरट्या घालत होते. त्या गलक्यात एक पोरगं चेंडू काखेत धरून माझ्याजवळ आलं, सायकलची घंटी दोनदा वाजवून पाहिली, आणि कुणाला काही न सांगता परत खेळायला गेलं.