मोठी शेप की मोठे जिरे?

बडीशेपेला मराठीने नाव दिले ते शेपूच्या दाण्याशी ताडून पाहून. शेपूचा दाणा ती शेप. तिच्याहून भरदार ती बडीशेप. किनवटच्या किराणा दुकानात ‘बडीसोप’ किंवा नुसती ‘सोप’ मागितली जाते, आणि त्याच दुकानातले तेलुगू गिऱ्हाईक ‘सोपु’ मागते. तेलुगूत तिला ‘पेद्द जीलकर्र’ असेही म्हणतात, म्हणजे मोठे जिरे. तमिळमधल्या ‘पेरुंजीरगम’चा अर्थही तोच. किनवट तालुका १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे दोन्ही नावे इथे एकाच तराजूत तोलली जातात. दाणा एकच, एका भाषेने तो शेपेच्या शेजारी ठेवला, दुसरीने जिऱ्याच्या.

स्वयंपाकापुरते बोलायचे तर दुसरे नाव जास्त उपयोगाचे आहे. शेप म्हटली की बाळंतीण आणि पोटदुखी आठवते. जिरे म्हटले की फोडणी. मराठवाड्यात बडीशेप बहुतकरून जेवणानंतरच्या तबकात अडकून पडली आहे. मिसळणाच्या डब्यात जिऱ्याशेजारी तिला एक वाटी मिळाली, तर रोजच्या भाजी-आमटीत तिचे काम कितीतरी आहे.

शेप, बाळंतशेप आणि बडीशेप यांचा घोळ मात्र आधी निस्तरायला हवा. शेप आणि बाळंतशेप ही शेपूच्याच दाण्याची नावे. हा दाणा चपटा, तपकिरी, कडेला फिकट पापुद्र्याची किनार असलेला, आणि वासाला उग्र. बडीशेपेचा दाणा लांबट, फुगीर, हिरवट, आणि वासाला गोड. दोन्ही वनस्पती एकाच चामर कुलातल्या. जिरे, धणे, ओवा, गाजर हीही त्याच कुळातली भावंडे. आयुर्वेदात शतपुष्पा म्हणजे शेप, आणि मिश्रेया किंवा मधुरिका म्हणजे बडीशेप, असा भेद सामान्यतः केला जातो. लहान मुलांच्या ग्राईप वॉटरमध्ये मूळचे तेल शेपूचे, बडीशेपेचे नव्हे. बाळंतिणीच्या सुपारीत एकीऐवजी दुसरी पडली तर फारसे बिघडत नाही. पुरणात बडीशेपेऐवजी बाळंतशेप पडली, तर ते पुरण घरात वर्षभर आठवणीत राहते.

बडीशेपेचे झाड मूळचे भूमध्य समुद्राकाठचे. ग्रीक भाषेत बडीशेपेला ‘मॅरेथॉन’ म्हणत, आणि इसवी सनापूर्वी ४९० साली जिथे ग्रीकांनी इराणी सैन्याला हरवले, त्या मैदानाचे नाव तिच्यावरूनच पडले असे मानतात. आज शहरोशहरी लोक ज्या नावाने ४२ किलोमीटर धावतात, ते असे एका मसाल्याचे नाव आहे. झाड माणसाच्या छातीएवढे, कधी त्याहून उंच होते. पाने केसांसारखी बारीक चिरलेली, शेपूसारखीच. पण चुरगाळून हुंगली की फरक नाकाला लगेच कळतो. फुले पिवळी आणि बारीक, छत्रीच्या काड्यांसारख्या देठांवर एका पातळीत मांडलेली.

आपण जिला बी समजतो तो खरे तर फळाचा अर्धा भाग असतो. पिकलेले फळ उभे दुभंगते आणि त्याचे दोन फलांश होतात. प्रत्येकाच्या पाठीवर पाच कंगोरे असतात. सुगंध त्या कंगोऱ्यांत नसतो, त्यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यांखाली असतो: तिथे तेलाच्या बारीक नळ्या दाण्याच्या लांबीभर धावतात. पाठीकडे चार, पोटाकडच्या सपाट बाजूला दोन, अशा सहा. दाणा अख्खा असेपर्यंत या नळ्या बंद राहतात. स्वयंपाकघरात बडीशेपेचे जे जे करायचे, त्याचा उगम या सहा नळ्यांत आहे.

नळ्यांतले उडनशील तेल दाण्याच्या वजनाच्या साधारण २ ते ६ टक्के भरते. त्यातला मोठा भाग ॲनेथोल या द्रव्याचा. जिभेला गोड लागते ते यामुळे, कारण ॲनेथोल साखरेहून कितीतरी पट गोड असते. दुसरे द्रव्य फेन्कोन, कापरासारखे कडवट. ते जास्त असलेली जात कडू बडीशेप, कमी असलेली गोड बडीशेप. चक्रफुलाचे झाड बडीशेपेच्या नात्यातले नाही, तरी त्याचा वास तसाच येतो, कारण त्यातही ॲनेथोलच असते. म्हणून एखाद्या मसाल्यात चक्रफूल सढळ पडले असेल, तर बडीशेपेचा हात आखडता घ्यावा. दोन्ही भरपूर पडले की रस्सा खोकल्याच्या औषधासारखा लागतो.

ॲनेथोल पाण्यात जवळपास विरघळत नाही. तेलातुपात सहज विरघळते. बडीशेप घालून नुसते उकळलेले पाणी बेताचेच वासाचे होते, आणि तीच बडीशेप चमचाभर तेलात तडतडली की सगळे घर घमघमते, ते यामुळेच.

भारतात हे पीक मुख्यतः गुजरात आणि राजस्थानचे. गुजरातीत ती ‘वरियाळी’, आणि मेहसाणा जिल्ह्यातले उंझा ही जिऱ्याप्रमाणेच तिचीही मोठी बाजारपेठ. किनवटच्या शिवारात कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. बडीशेपेचे सलग शेत सहसा दिसत नाही. पाच-सहा महिने जमीन अडवणारे, कोरडी आणि लांब थंडी मागणारे हे पीक आहे. परसात चार झाडे मात्र हौसेने लावता येतात. दसऱ्याच्या सुमारास ताजी बडीशेप मातीत टाकली की उगवते, आणि दाणे भरण्याआधीही तिची कोवळी पाने वरणावर चिरून घालता येतात.

एका झाडावरच्या सगळ्या छत्र्या एकदम पिकत नाहीत. तोडणी हाताने, टप्प्याटप्प्याने करावी लागते. दाणा पूर्ण वाढीच्या निम्माच असताना छत्री खुडून सावलीत वाळवली, तर बारीक, हिरवी, गोड ‘लखनवी’ बडीशेप मिळते. ती चघळण्यासाठी. पूर्ण भरलेला, पिवळसर, जाड दाणा मसाल्यासाठी. दुकानात पहिली महाग आणि दुसरी स्वस्त, म्हणून महाग तीच चांगली असे वाटते. पण मसाला कुटण्यासाठी लखनवी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तिचा नाजूक वास मिरची-धण्यांपुढे टिकत नाही.

रंग डोळ्यांत भरण्याइतका हिरवागार असेल तर चार दाणे ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहावेत. हिरवा डाग उमटला तर तो रंग झाडाचा नव्हे. जुनी बडीशेप तपकिरी पडते आणि तिला वाळल्या गवताचा वास येतो. दोन दाणे दातांखाली फोडले की आधी गोडवा आणि मागाहून हलकी थंडाई जाणवली पाहिजे. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि चुलीची धग टाळून ठेवावी. अख्खा दाणा वर्षभर टिकतो. पूड मात्र महिन्याभराच्या बेतानेच करावी. नळ्या एकदा फुटल्या की तेल उडायला लागते.

वापराच्या तऱ्हा तीन: अख्खी, भरड आणि पूड. अख्खी बडीशेप फोडणीत. मोहरी तडतडून झाल्यावर आच कमी करून ती घालावी, आणि दाणा जरासा फुगून रंग बदलू लागला की लगेच भाजी टाकावी. करपली तर कडू होते, आणि तो कडूपणा पुढे गुळानेही जात नाही. लाल भोपळ्याच्या भाजीत पाव चमचा मेथ्या आणि अर्धा चमचा बडीशेप अशी फोडणी दिली, तर भोपळ्याचा गुळमटपणा कंटाळवाणा राहत नाही. दुधी, बटाटा, कोबी यांनाही ती चालते. अंबाडीच्या भाजीला मात्र तिने हात लावू नये. तिथे लसणाची फोडणीच खरी. बंगाली पाचफोडणात ती जिरे, मेथ्या, कलौंजी यांच्या बरोबरीने अख्खीच असते.

भरड करायची तर आधी मंद आचेवर दोन-तीन मिनिटे कोरडी भाजावी आणि पूर्ण निवल्यावर खलबत्त्यात ठेचावी. भाजल्याने दाणा ठिसूळ होतो आणि नळ्या सहज फुटतात. भरल्या वांग्याच्या शेंगदाणे-तिळाच्या कुटात अर्धा चमचा भरड पुरे. कैरीच्या मेथांब्यात गुळाबरोबर ती फार चांगली लागते. दिवाळीच्या पातळ पोह्यांच्या चिवड्यात धणे आणि बडीशेपेची भरड मिरची-कढीपत्त्याबरोबर तेलात पडली, की पिठीसाखर थोडी कमी घातली तरी चालते. गुलगुल्यांत तर तिच्याशिवाय चालतच नाही: दोन वाट्या कणीक, गुळाचे पाणी आणि एक चमचा भरड. दाताखाली मध्येच येणारा एखादा गोड दाणा हीच त्या पदार्थाची खूण.

पूड मसाल्यात आणि गोडात. मालवणी मसाल्यात बडीशेप ठरलेलीच. मराठवाड्यातल्या काळ्या मसाल्यात ती घराघरावर अवलंबून. घालायची असेल तर धण्यांच्या एकदशांश धरावी, म्हणजे अर्धा किलो धण्यांना ५० ग्रॅम. त्यापुढे गेली की दगडफुलाचा तो खोल, मातकट वास दबतो आणि मसाला आपला राहत नाही. पुरणात एक वाटी हरभरा डाळीला अर्धा चमचा बारीक पूड आणि चिमूटभर सुंठ. जायफळ असले तरी ही जोडी त्याच्या आड येत नाही. काश्मिरी पंडितांच्या स्वयंपाकात हीच सुंठ-बडीशेपेची जोडी कांदा-लसणाची जागा भरून काढते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या मराठी घरांनी बटाट्याच्या किंवा पनीरच्या रश्श्यात दह्याबरोबर ती करून पाहावी. खिचडीत जिरे दुप्पट करण्यापेक्षा हा उपाय चवीला बरा.

पाण्यातला एकच प्रकार यशस्वी होतो, तो सरबताचा, आणि तिथेही दाणा फोडूनच घ्यावा लागतो. दोन चमचे भरड बडीशेप आणि खडीसाखर रात्री पेलाभर पाण्यात भिजवून सकाळी वाटावी, गाळून लिंबू पिळावे. किनवटच्या उन्हाळ्यात, पैनगंगेचे पात्र आटू लागते त्या दिवसांत, बाटलीतल्या रंगीत सरबतापेक्षा हे पोटाला हलके.

आता तबकातली बडीशेप. जेवणानंतर ती चघळताना दाताखाली नळ्या फुटतात आणि तोंडातला कांदा-लसणाचा वास काही वेळ झाकला जातो. तो नाहीसा होत नाही. थोडी भाजून, सैंधव आणि लिंबाचा रस लावून वाळवली तर जास्त दिवस खुसखुशीत राहते. धनाडाळ, भाजलेले तीळ, जवस यांच्याबरोबर ती ठिकठिकाणी मिसळली जाते. किनवटशेजारच्या माहूरगडावर रेणुकादेवीचा प्रसाद म्हणून जो कुटलेला विडा मिळतो, त्यातल्या जिनसांत बडीशेपही असते, आणि पानाच्या तिखटपणाला ती गोड करते. दुकानातल्या रंगीबेरंगी साखरेच्या बडीशेपेत आतला दाणा हे निमित्त; फिरत्या भांड्यात पाकाचे थरावर थर चढवून ती बनते, आणि खाल्ली जाते ती मुख्यतः साखर.

पोषणाचे आकडे मोठे दिसतात: १०० ग्रॅम बडीशेपेत सुमारे ४० ग्रॅम तंतू आणि हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. पण चहाचा एक चमचा म्हणजे जेमतेम २ ग्रॅम. त्यावर हाडे मजबूत होण्याचे हिशेब मांडू नयेत. जड जेवणानंतर पोटातला वायू सुटायला ती मदत करते, एवढे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचे. चमचाभर दाणा आणि बाटलीतले काढलेले तेल यांत फार अंतर आहे. ते तेल तान्ह्या बाळाला किंवा गरोदर बाईला घरच्या घरी देऊ नये. ज्यांना गाजर, धणे किंवा ओवा खाऊन अंगावर पित्त उठते, त्यांनी त्याच कुळातली बडीशेपही आधी दोन-चार दाणे खाऊन पाहावी, आणि ओठ चुरचुरले तर तबक पुढे सरकवावे.