काय काय लागेल?

माणसं दोन प्रकारची. काम सुरू करण्याआधी काय काय लागेल ते सांगणारी, आणि काम अडलं की एकेक जिन्नस आठवणारी. आमच्या रेवदंड्याचे सुतार दुसऱ्या प्रकारातले. कडी बसवायला आले की पहिल्या तासाला "स्क्रू आणा", दुसऱ्या तासाला "फेविकॉल आणा", आणि तिसऱ्या तासाला "कडी आतून की बाहेरून?" पहिल्या दोन प्रश्नांना अलिबागची एकेक एसटी आणि तिसऱ्याला माझं ब्लडप्रेशर!

पुण्यात संगणकाला कामाला लावणाऱ्या माझ्या पुतण्याकडून कळलं, की हा छळ त्यांच्याकडेही आहे. त्यांच्या कारागिराला 'फंक्शन' म्हणतात आणि त्याला द्यायच्या सामानाला 'आर्ग्युमेंट'. (आमच्या घरी आर्ग्युमेंट आधी होतं आणि सामान नंतर येतं, हा भाग निराळा.) तेव्हा कारागिराला कामाला न लावता "बाबा रे, तुला काय काय लागतं?" एवढंच विचारायची सोय हवी. पायथन भाषेत जुनी सोय होती, पण ती उत्तर अर्धवट द्यायची. धड सोय 2006 साली सुचवली गेली आणि भाषेत आली 2012 साली. हे ऐकून मला सुतारांविषयी एकदम आदर वाटू लागला.

"यादीच ना? त्यात काय एवढं!" मी म्हटलं.

"काका, पोपटीला काय लागतं?"

"मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, ओवा, जाडं मीठ."

"आणि अंडी?"

"घातली तर घाल."

"म्हणजे शेंगा सक्तीच्या, अंडी ऐच्छिक. मीठ किती ते सांगितलं नाही तर नेहमीचं किती धरायचं? आणि तळाशी आधी पाला की शेंगा?"

पाला आधी! नाहीतर शेंगा करपल्याच म्हणून समजा. थोडक्यात, काय हवंच, काय चालेल, न दिल्यास काय धरायचं आणि क्रम कोणता, एवढं सगळं त्या कारागिरानं सांगायचं.

त्यातून मधले दलाल. एका फंक्शनवर दुसरं पांघरूण घालतात. विचारलं तर पांघरूण म्हणतं, "असेल ते द्या, आत पोचवतो." कचेरीबाहेरचा एजंट हुबेहूब! यावर तोड अशी, की पांघरुणानं आतल्या खऱ्या माणसाचा पत्ता खिशात बाळगायचा. चौकशी परस्पर आत जाते. आपल्याकडे असं झालं तर निम्मे एजंट गणपतीच्या आत गावी परततील.

काही फंक्शनं मात्र घुमी. पायथनच्या पोटातली, सी भाषेत लिहिलेली. कामात पटाईत, विचारलं की मौन. 2014 पासून त्यांनाही बोलतं करणं सुरू झालं, पण सगळी अजून बोललेली नाहीत. मला नवल वाटलं नाही. चौलची आमची आत्या त्याच वळणाची. वय पंच्याऐंशी. मीठ किती विचारलं तर म्हणते, "हाताला कळतं." तिची पोपटी पन्नास वर्षांत फसली नाही, आणि कुठं एक ओळ लिहिलेली नाही. या जानेवारीत पुतण्या वही घेऊन तिच्याशेजारी बसणार आहे.

आत्याचा निरोप आलाय, "वही राहू दे. पाला तोडायला ये."