पालथं झोपवताना

दिवस गेले की कंबर दुखायचीच, असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं. चकती सरकून नस खरोखर दाबली जाते ती दहा हजारांत एखादीची. म्हणून मी दुखण्यापेक्षा लघवीची चौकशी जास्त करतो. वारंवार जावं लागतं, हे नेहमीचंच. पण लागल्याचं कळतं का? धुताना हाताचा स्पर्श जाणवतो का? उत्तर ‘नाही’ आलं की तळाचा नसांचा झुबका दाबला गेल्याची शंका येते. मग त्याच दिवशी एमआरआय, गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट औषध न टोचता, आणि शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन.

‘बाळंतपणानंतर केलं तर?’ हा प्रश्न घरचे विचारतातच. 34 आठवडे उलटले असतील तर आधी सिझेरियन आणि मग पाठ, असा मार्ग असतो. त्याआधी मात्र बाळ पोटात ठेवूनच पाठ उघडावी लागते. थांबलं तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

चकतीचा तुकडा काढणं रोजचंच. कस लागतो तो तिला टेबलावर पालथं करताना. टोरांटोचे भूलतज्ज्ञ रेल्टन आणि अस्थिशल्यचिकित्सक हॉल यांनी 1967 साली चार आधारांची एक चौकट मांडली, तीही मणक्याच्या ऑपरेशनातला रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. पोट अधांतरी राहिलं की आतल्या मोठ्या नीलेवरचा दाब उतरतो आणि मणक्याच्या नळीतल्या शिरा फुगत नाहीत. त्यांच्या डोक्यात गर्भवती नव्हती, पण तिला नेमकं हेच हवं असतं. उलट उताणं झोपवलं तर विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशय त्याच नीलेवर रेलतं आणि रक्तदाब घसरतो. पालथं करण्याआधी आणि केल्यावर प्रसूतितज्ज्ञ बाळाचे ठोके ऐकतात. तोवर मी ब्लेड मागत नाही.

पोट फारच मोठं असेल तर डावी कुशी. त्यात रक्त आपोआप खाली निथळतं, तेवढं सुख. बाकी सवयीची सगळी दिशा आडवी होते, आणि चकती डावीकडची असेल तर नेमकी ती खालच्या अंगाला जाते. मला ही पद्धत आवडत नाही, भूलतज्ज्ञांना आवडते. वाद टेबलाशीच मिटवतो, बहुधा त्यांच्या बाजूनं.

सी-आर्मचा एक्स-रे फोटो शक्यतो एकच, मणका नेमका कुठला हे पक्कं करण्यापुरता. नंतर ‘आता सिझरच ना?’ असं विचारतात. पाठीवर टाके आहेत एवढ्यावरून ते ठरत नाही. नसा सावरल्या असतील तर प्रसूतीची वाट प्रसूतितज्ज्ञच ठरवतात.