घरच्या शेडमध्ये बसवलेली लिफ्ट

या पानावर बहुतेक जण वाडे, शाळा, गणपती, नाटकं यांच्या आठवणी लिहितात. मी आज लोखंड आणि काँक्रीटबद्दल लिहिणार आहे. बेळगावकराला ते माफ असावं.

बँकेत असताना उद्यमबागेतल्या लहान कारखान्यांची कर्जप्रकरणं बरीच वर्षं माझ्या टेबलावर यायची. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग मशीन. कर्ज दिलं की पाहणीला जायचं आणि मशीनवर बँकेच्या नावाची पाटी आहे का ते बघायचं. मी बी.कॉम.चा माणूस, मशीनपेक्षा मशीनचं बिल मला जास्त कळायचं. पण एका कारखानदाराचं वाक्य डोक्यात राहिलं, "साहेब, लेथ कुठल्या पण कंपनीची आणा, खाली फाउंडेशन नीट नसेल तर माल वाकडाच येतोय."

आमच्याकडे वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. निवृत्तीनंतर तिची देखभाल मीच करतो. ऑइल बदलणं, निपलांना ग्रीस मारणं, ब्रेक बघणं. सत्तरी ओलांडल्यावर गुडघे बोलायला लागले. जमिनीवर आडवं होणं जमायचं, उठणं जमेना. त्यात आमच्याच भागातल्या एका तरुण मेकॅनिकचा हात जॅक घसरून गाडीखाली सापडला. त्या दिवशी आमच्या सौ.नी स्पष्ट सांगितलं, "अहो, गाडी ठेवा नाहीतर विका, पण तुम्ही आता गाडीखाली जायचं नाही." पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, विकूनच टाका."

गाडीखाली आडवं व्हायचं नसेल तर गाडीच वर घ्यायची. परसातल्या शेडमध्ये दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट बसवायचं ठरवलं. उंची मोजली. गाडी चार फूट दहा इंच, उचलायची सहा फूट, म्हणजे दहा फूट दहा इंच. शेड बारा फूट. तिथे अडचण नव्हती.

अडचण जमिनीत होती. विक्रेत्याचा माणूस आला, पायाने फरशी ठोकून बघितली आणि म्हणाला, "एका दिवसात बोल्ट मारून देतो." शेजारी एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर राहतात, आम्ही त्यांना मेस्त्री म्हणतो. ते गप्प ऐकत होते. माणूस गेल्यावर ड्रिल घेऊन आले आणि कोपऱ्यात एक भोक पाडलं. शहाबादी फरशी, तिच्याखाली जेमतेम दोन इंच कोबा आणि मग सरळ मुरूम. "ह्याच्यात बोल्ट कशाला धरतोय ओ? पंधरा दिवस धरेल, मग गाडीसकट अंगावर येईल." तेव्हाच ठरलं, लिफ्ट आपण दोघांनीच बसवायची.

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये गाडी खांबांच्या मधोमध, हातांवर पेललेली असते. वजन खांबांना आत ओढतं, त्यामुळे बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर उपटले जायला बघतात. बोल्टाचं टोक भोकात फुगून काँक्रीटला धरतं, आणि ते काँक्रीटच कच्चं असेल तर बोल्ट कितीही भारी असून उपयोग नाही. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, तारण कागदावर कितीही मोठं दिसलं तरी विचारायचं एकच, वेळ आल्यावर उभं राहील का?

फरशी उखडली, मुरूम ठोकून घेतला, सळ्यांची जाळी घातली आणि आठ इंचांचा एम-२५ स्लॅब ओतला. ओतण्याआधी सळ्यांची मापं वहीत लिहून ठेवली, म्हणजे नंतर ड्रिल सळईवर जाणार नाही. रजिस्टर ठेवायची सवय अशी कामी येते. मग पाणी मारणं. एम-२५ मधला पंचवीस हा आकडा अठ्ठावीस दिवसांनंतरच्या ताकदीचा असतो. आठवड्यात साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पण आपल्याला पूर्ण हवी. गवंडी कन्नड बोलणारा. दहाव्या दिवशी म्हणाला, "साकु री." मेस्त्री म्हणाले, "साकु नाही, अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस." रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम सौ.नी स्वतःकडे घेतलं. गाडी विका म्हणणारी हीच बाई.

एकोणतिसाव्या दिवशी खांब उतरवले. पाइपांच्या तुकड्यांवरून सरकवत आत नेले आणि चेन-पुलीने उभे केले. तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन धरला, दोन्ही कर्ण मोजले. ओळंबा लावून खांब सरळ केले, तळाशी जिथे फट राहिली तिथे पोलादी पट्ट्या घातल्या. मग भोकं. प्रत्येक भोकातली धूळ सायकलच्या पंपाने उडवून साफ केली, कारण धूळ राहिली तर बोल्टाची पकड कमी होते. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्याइतकेच आवळले. वीज आणि अर्थिंग मात्र लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घेतलं. तिथे हौस चालत नाही.

आधी रिकामी लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली केली. दोन्ही बाजूंच्या लॉकचा 'खट्' आवाज एकदमच यायला पाहिजे. मागेपुढे आला तर केबलचा ताण सारखा करायचा. हायड्रॉलिक हे उचलायला असतं, धरून ठेवायला नाही. गाडी नेहमी लोखंडी लॉकवर टेकवायची आणि मगच खाली उभं राहायचं.

पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडीच भार घेते. म्हणून लिफ्टचे हात कडेच्या पट्टीत मजबुती दिलेल्या जागीच लावायचे, पातळ पत्र्याखाली नाही. आमच्या गाडीची मागची एक जागा गंजली होती. तिथे आधी पत्रा कापून नवीन जोड वेल्ड करून घेतला. मग गाडी फूटभर उचलली, दोघांनी हलवून बघितली, लॉकवर टेकवली आणि तशीच रात्रभर सोडली. सकाळी पुन्हा बोल्ट तपासले.

त्यानंतर गाडी पूर्ण वर गेली. मेस्त्री आणि मी पहिल्यांदाच ताठ उभं राहून तिच्याखाली गेलो. टॉर्च मारत मागे आलो तर मागच्या ॲक्सलजवळ ब्रेकची नळी ओली होती. गंजून पापुद्रे निघालेले, बोट लावलं तर तेल बोटाला आलं. जॅकवर आडवं होऊन ती जागा नीट दिसतच नसे. त्या रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जायचं ठरलं होतं, सौ. आणि नात बरोबर. मेस्त्री एवढंच म्हणाले, "साहेब, लिफ्टचे पैसे वसूल झाले की ओ." मला बोलवेना. नळ्या चारही बदलल्या, गोव्याला पुढच्या महिन्यात गेलो.

ज्यांना घरी असं काही बसवायचं असेल त्यांना एवढंच सांगेन: मशीनचा भाव विचारायच्या आधी जमिनीत भोक पाडून बघा. बोल्ट पहिल्या महिन्यात दोन-तीनदा आणि नंतर ठरावीक मुदतीने तपासा. आणि शेजारी एखादे मेस्त्री असतील तर त्यांना चहाला बोलवा.

इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या मंडळींच्या घरी अशा जुन्या गाड्या अजून चालू असतील तर जरूर लिहा, फोटोही टाका. आमचे मेस्त्री रोज विचारतात, कुणाचं काय आलं का म्हणून.