आंतलें दार

मत्स्योदरी देवीच्या नवरात्रासाठीं आमचा पुतण्या पुण्याहून अंबडास आला होता. आमच्या एकत्र कुटुंबाचा जमाखर्च त्यानें संगणकावर चढविला आहे. जुन्या चोपड्यांतील नोंदी आम्हींच उतरविल्या. सामायिक खातें सर्वांस दिसावें, खासगी खातें ज्याचें त्यासच, अशी योजना. पडद्यावर परवलीचा शब्द विचारला जाई, एवढ्यावर आमचा पूर्ण भरंवसा.

"काका, पुढचें दार बंद आहे, आंतलें तपासूं," म्हणून त्यानें पोस्टमन नांवाचें साधन उघडलें. तें बंगळूरच्या अभिनव अस्थाना यांनीं २०१२ सालीं आरंभिलें. २०१४ त अंकित सोब्ती व अभिजित काणे यांच्यासह त्याची कंपनी झाली. नांव यथार्थ आहे. देखणें पान वगळून हा टपालवाला मागणीचें पत्र थेट आंतल्या कारकुनाच्या, म्हणजे एपीआयच्या, हातीं देतो आणि उत्तर जसेंच्या तसें आणतो.

प्रथम ओळखीविना मागणी केली. उत्तर ४०१ : तूं कोण? ओळख पटूनहि अधिकार नसेल तर ४०३ यावें. पस्तीस वर्षें वर्गावर काढलेल्या आम्हांस हा भेद तत्काळ रुचला. "नांव सांग" आणि "बाहेर उभा राहा" हे हुकूम आम्हीं कधीं एक मानले नाहींत! मग त्यानें स्वतःच्या नांवें प्रवेश करून टोकन मिळविलें व पत्राच्या मथळ्यांत घातलें. यास बेअरर टोकन म्हणतात. बेअरर चेकाप्रमाणें ज्याच्या हातीं तो धनी, म्हणून मुदत थोडी ठेवावी. उत्तर २००, आणि त्याचें खातें समोर.

नंतर टोकन तेंच ठेवून त्यानें पत्त्यांतील खात्याचा अंक तेवढा बदलून आमचा घातला. यावयाचें ४०३, आलें २००. कारकुनानें माणूस ओळखला, पण खातें कोणाचें तें पाहिलेंच नाहीं. ओवॅस्प संस्थेच्या २०१९ व २०२३ च्या एपीआय-दोषांच्या यादींत हाच दोष पहिला आहे म्हणे.

पडद्यावर आमची एक जुनी नोंद होती : "धाकट्यास, मुलाच्या कॉलेजच्या फीसाठीं. परत मागूं नये." ती फी वडिलांच्या फंडांतून भरली, असेंच त्यास सांगितलेलें होतें. तो बराच वेळ बोलला नाहीं. आम्हीहि चष्मा पुशीत बसलों.

शेवटीं त्यानें प्रत्येक मागणीस खात्याचा धनी ताडून पाहण्याची अट घातली व तेंच पत्र पुन्हां धाडलें. ४०३ आलें.

"मीं वाचलें, हें बाबांना सांगूं नका," एवढेंच तो म्हणाला.